स्वाक्षरीची पारख

बेब रूथ हे अमेरिकेतील बेसबॉलचे थोर खेळाडू होऊन गेले. त्यांची स्वाक्षरी असलेल्या चेंडूसाठी संग्राहक मोठी किंमत देतात. म्हणूनच खोट्या स्वाक्षऱ्याही विकावयास येतात. मग खरे-खोटे कसे ओळखावे?

पारखी प्रथम अक्षरांचे वळण पाहतो. स्वतःचे नाव लिहिणारा हात सहज चालतो. नक्कल करणारा अडखळतो, त्याची रेघ थरथरते. नंतर पारखी चेंडू निरखतो. पूर्वी अमेरिकन लीगच्या चेंडूवर तिच्या अध्यक्षांचे नाव छापीत. तेथे जो क्रोनिन हे नाव दिसले, की पारख संपली! क्रोनिन १९५९ साली अध्यक्ष झाले. रूथ १९४८ सालीच निवर्तले होते. अक्षराची नक्कल साधली, तरी काळाची साक्ष बदलता येत नाही.