घामाचा वाटा

(मदत करणारा मोठा आणि मदत घेणारा लहान, असे आपण नकळत समजतो. घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देता मदत कशी करता येते, हे या पाठात सांगितले आहे.)



तुमच्यापैकी अनेकांनी कल्याणहून कर्जतपर्यंत गाडीने प्रवास केला असेल. कर्जतच्या पुढे बोरघाट चढून गाडी लोणावळ्याला पोहोचते. तिथून पुण्याकडे जाताना पहिले स्टेशन लागते, ते मळवली. कार्ले आणि भाजे येथील लेणी, लोहगड आणि विसापूर हे किल्ले, सारे याच परिसरात आहेत. येथील पाटण गावाजवळ २००६ सालच्या ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे दोन हजार माणसे जमली. दिवाळी आणि रमजान ईद नुकतीच होऊन गेली होती. काही जण आपल्या देशातले होते, काही परदेशांतून आले होते. ते लेणी पाहायला आले नव्हते. शंभर कुटुंबांसाठी शंभर घरे बांधायला ते आले होते.

त्यांत ८२ वर्षांचे एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी होत्या. त्या गृहस्थांचे नाव जिमी कार्टर. १९७७ ते १९८१ या काळात ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. २००२ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. पत्नी रोझलिन यांच्यासह ते इथे भिंत रचण्याचे काम करत होते. ब्रॅड पिट आणि जॉन अब्राहम हे नटही एक दिवस कामाला येऊन गेले. त्यांना पाहायला गर्दी झाली, हे सांगायला नकोच!

हे काम 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेने योजले होते. तिच्या जन्माची कथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात क्लॅरेन्स जॉर्डन नावाचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १९४२ साली त्यांनी तिथे एक शेती-वसाहत सुरू केली. त्या काळी तिथे गोरे आणि काळे एका पंगतीला बसत नसत. जॉर्डन यांच्या शेतावर मात्र दोघे बरोबर राबत आणि बरोबर जेवत. आसपासच्या लोकांना हे रुचले नाही. त्यांनी या वसाहतीवर बहिष्कार टाकला. पण वसाहत टिकून राहिली. पुढे मिलर्ड फुलर नावाचे एक तरुण, श्रीमंत वकील तिथे आले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी लिंडा यांनी आपली संपत्ती दान केली आणि गरिबांसाठी घरे बांधण्याचे व्रत घेतले. १९७६ साली त्यांनी ही संस्था स्थापन केली. १९८३ पासून ती भारतातही काम करू लागली.

आता या संस्थेची रीत पाहा. घर फुकट द्यायचे नाही, हा तिचा पहिला नियम. कुटुंबाने घराची किंमत लहान लहान हप्त्यांनी फेडायची. संस्थेने त्यावर नफा घ्यायचा नाही आणि व्याजही घ्यायचे नाही, असे फुलर यांनी सुरुवातीला ठरवले होते. गरिबाकडून व्याज घेऊ नये, ही बायबलची शिकवण त्यांच्या डोळ्यांसमोर होती. हे वाचताना तुम्हांला 'कर्ज-ए-हसना' आठवले असेल. पुढे देशोदेशीच्या परिस्थितीनुसार कर्जाचे नियम बदलले; पण परत आलेल्या पैशातून आणखी एका कुटुंबाचे घर उभे करायचे, हा मूळ विचार होता. म्हणजे आज जो घेतो, तोच उद्या देणारा होतो.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. ज्याचे घर, त्याने स्वतः कामाला हात लावायचा. घरातल्या माणसांनी ठरलेले तास श्रम करायचे. आपल्या घरासाठी आणि शेजाऱ्याच्या घरासाठीही. पैशाचा वाटा कमी असेल, तर घामाचा वाटा द्यायचा. त्यामुळे मदतीला आलेला पाहुणा आणि घराचा मालक एकाच भिंतीशी उभे राहतात. एक वीट देतो, दुसरा रचतो. तिथे कोण दाता आणि कोण याचक, हे ओळखू येत नाही.

विटांचे काम दिसते तितके सोपे नसते. वीट आधी पाण्यात भिजवावी लागते. कोरडी वीट सिमेंटच्या मालातले पाणी शोषून घेते आणि जोड कच्चा राहतो. दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणून, त्या दोरीच्या रेषेत थर लावायचा. खालच्या थरातल्या सांध्यावर वरच्या थरातला सांधा येऊ द्यायचा नाही. भिंत सरळ आहे की नाही, हे ओळंबा सोडून पाहायचे. नंतर बरेच दिवस भिंतीवर पाणी मारायचे. हे सारे शिकवतो गवंडी. कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस इथे गवंड्याचा विद्यार्थी होतो. भिंत वाकडी झाली, तर ती कोणी रचली हे ओळंबा विचारत नाही!

कार्टर हे काम १९८४ पासून करत होते. त्या वर्षी ते न्यूयॉर्कमधली एक पडकी इमारत दुरुस्त करायला इतर स्वयंसेवकांबरोबर बसने गेले आणि रात्री एका चर्चमध्ये झोपले. ऑक्टोबर २०१९ मध्ये, ९५ व्या वर्षी, ते घरात पडले. त्यांना चौदा टाके पडले. तरीही ते नॅशव्हिल शहरात घरबांधणीच्या कामाला गेले. रोझलिन २०२३ साली आणि कार्टर २०२४ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी वारले. त्यांच्या सहभागाने चौदा देशांत चार हजारांहून अधिक घरे बांधली किंवा दुरुस्त केली गेली.

सेवेची ही आवड त्यांना घरातूनच मिळाली होती. त्यांच्या आई लिलियन कार्टर परिचारिका होत्या. १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या स्वयंसेविका म्हणून भारतात आल्या आणि विक्रोळीच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करू लागल्या. ठाण्याहून मुंबईला जाताना लागणारे तेच हे विक्रोळी!

मित्रांनो, कोणी विचारील, "चर्चच्या लोकांनी सुरू केलेल्या कामात आपण कशाला जायचे?" याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. मदिनेत मशीद बांधली जात होती, तेव्हा हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी स्वतः विटा वाहिल्या. महाराष्ट्रात संत गाडगेबाबांनी हातात झाडू घेतला आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या गावांत कारवीच्या कुडाचे घर शाकारायला शेजारी एकत्र येत. ही संस्थाही घर देताना कुटुंबाचा धर्म पाहत नाही. गळणाऱ्या छपराखाली भिजणारे मूल कोणत्या धर्माचे, हे पाऊस तरी कुठे विचारतो?

२६ जुलै २००५ च्या पुराच्या आठवणी कल्याण, डोंबिवली आणि बदलापूरच्या घराघरांत आजही निघतात. आपल्या घरातल्या मोठ्यांना त्या जरूर विचारा. पाणी चढले, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या कोणाचे दार उघडे होते? हा प्रश्न विचारायला विसरू नका.

बांधकामाच्या जागी लहान मुलांना कामाला घेत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण घामाचा वाटा देण्यासाठी वीटच उचलावी लागते असे नाही. पावसाळ्यापूर्वी एकट्या राहणाऱ्या आजीचे सामान उंचावर ठेवून देता येते. छपरावर ताडपत्री घालणाऱ्या शेजाऱ्याला खालून दोरी देता येते. मात्र एक पथ्य पाळा. मदत करताना त्या माणसालाही काही करू द्या. आजींनी चहा केला, तर तो नाकारू नका. तो त्यांचा वाटा आहे.

शब्दार्थ
याचक – मागणारा
ओळंबा – भिंत सरळ आहे का, हे पाहण्यासाठी दोरीला बांधलेले वजन
माल – विटा जोडण्यासाठी केलेले वाळू-सिमेंटचे मिश्रण
शाकारणे – घरावर गवत, पेंढा किंवा कौले घालणे
कूड – काठ्यांची, मातीने लिंपलेली भिंत
पथ्य – पाळायचा नियम

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वीट भिजवून का वापरतात?
(आ) लिलियन कार्टर कोणत्या ठिकाणी सेवा करत होत्या?
२. 'आज जो घेतो, तोच उद्या देणारा होतो.' हे वाक्य पाठाच्या आधारे पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.
३. आजींचा चहा नाकारू नये, असे लेखकाने का म्हटले असेल? तुमचे मत लिहा.
४. इमारत, दरवाजा, जमीन, कर्ज, मजूर, मदत हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा. दोन्ही भाषांतले असे आणखी पाच शब्द शोधा.