दाणे भरपूर, मग अंडी का नाहीत?



ऊस हे आपले मुख्य पीक खरे. पण उसाचा पैसा हप्त्याने येतो आणि मीठ-मिरचीचा खर्च रोजचा असतो. हा खर्च पुष्कळ घरांत एखादे दुभते जनावर आणि परसातल्या दहा-वीस कोंबड्या भागवतात. म्हणून या अंकात लागण-खोडव्याचा विषय बाजूला ठेवून कोंबडीचा खुराक आणि अंडी यांचा संबंध पाहू.

मागे सुरू लागणीच्या नोंदी घेताना आम्ही एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. मुंगूस आणि कुत्र्यांच्या त्रासामुळे त्यांनी पंधरा कोंबड्या जाळीत कोंडल्या होत्या. घरच्या वहिनी म्हणाल्या, "साहेब, दाणं टाकण्यात काही कमी करत न्हाई. दोन्ही वेळा ज्वारी असते. तरी अंडी देईनात. दिलंच एखादं तर नुसतं पापुद्र्याचं." आम्ही फारसा विचार न करता सांगून बसलो, "मूठभर मका वाढवा." महिन्याने पाहतो तो अंडी वाढली नव्हतीच, उलट कोंबड्या चरबीने जड झाल्या होत्या. कंटाळून वहिनींनी चार कोंबड्या बाजारात काढल्याही होत्या. अंड्यांच्या पैशावर त्या घरातल्या पोरांच्या वह्या-पेन्सिली चालत. चूक कोंबड्यांची नव्हती, आमच्या सल्ल्याची होती. ती कशी, ते हिशेबाने पाहू.

अंड्यात काय जाते?

साधारण 55 ग्रॅमच्या अंड्यात दोन तृतीयांश पाणी असते. प्रथिने 6 ते 7 ग्रॅम असतात. कवच पाच-सहा ग्रॅमचे असते आणि ते जवळजवळ सगळे चुन्याचेच. त्यात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी निम्मेच अंगी लागते असे धरले, तर एका अंड्यामागे कोंबडीच्या पोटात 4 ग्रॅम जायला हवे.

आता 100 ग्रॅम ज्वारी पाहा. प्रथिने 10 ग्रॅमच्या आसपास, तीही कोंबडीला लागणाऱ्या सर्व घटकांनी पुरी नाहीत. कॅल्शियम तर अवघे 25 मिलिग्रॅम, म्हणजे गरजेचा शंभरावा हिस्साही नाही. मक्यात त्याहूनही कमी. नुसता युरिया टाकून स्फुरद-पालाश दिले नाही तर ऊस हिरवागार दिसतो, पण टनेज मिळत नाही. तसेच हे आहे. जे कमी आहे त्यावर उत्पादन अडते. जे आधीच पुरेसे आहे ते वाढवून उपयोग नाही.

मोकळी फिरणारी कोंबडी किडे, वाळवी, कोवळा पाला, चुनखडीचे खडे वेचून ही उणीव पुष्कळ भरून काढते. कोंडलेली कोंबडी ते कुठून आणणार? ती काही दिवस स्वतःच्या हाडांतला चुना काढून अंडी घालते. मग कवच पातळ होते, पाय लटपटतात आणि शेवटी अंडी थांबतात. आपण तिला आळशी म्हणतो, पण ती जीव वाचवत असते.

खुराक कसा असावा?

अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या खुराकात 16 ते 18 टक्के प्रथिने आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असावे. घरच्या घरी 10 किलो खुराक असा करता येईल:

मका किंवा ज्वारीचा भरडा – साडेपाच किलो
गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा – 900 ग्रॅम
सोयाबीन पेंड (किंवा निम्मी सोयाबीन, निम्मी शेंगदाणा पेंड) – 2 किलो
सुक्या मासळीची कुटी – अर्धा किलो
शिंपल्यांचा चुरा – 800 ग्रॅम
कोंबड्यांचे खनिज मिश्रण – 270 ग्रॅम
मीठ – 30 ग्रॅम (मासळी खारवलेली असल्यास घालू नये)

कोंडलेल्या कोंबडीला, तिच्या वजनाप्रमाणे, रोज 100 ते 110 ग्रॅम द्यावे. मोकळ्या फिरणारीला संध्याकाळी 40-50 ग्रॅम पुरे. कच्चे सोयाबीन घालू नये, ते नीट पचत नाही. भाजलेली पेंडच वापरावी.

शिंपल्यांचा थोडा चुरा जाडसर ठेवून दुपारनंतर वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंडे तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात. त्यांतले सुमारे 20 तास कवचाचे असतात आणि ते काम बरेचसे रात्री चालते. जाड खडा पोटात सावकाश विरघळतो व रात्रभर चुना पुरवतो. घरची अंड्याची टरफले द्यायची तर भाजून बारीक करूनच द्यावीत, नाहीतर कोंबड्यांना अंडी फोडून खायची खोड लागते.

हे टाळावे

बुरशी आलेली पेंड किंवा मका कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. त्याचे कारण शेंगदाणा पेंडीवरच्या बुरशीचे विष निघाले. त्यालाच आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृतावर घाव घालते आणि अंडी घटतात.

हा चुन्याचा खुराक पिलांना व अंड्यावर न आलेल्या तलंगांना देऊ नये, त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

आपल्या कारखान्याची मळी चालेल का, असे बरेच सभासद विचारतात. शंभर किलोला चार-पाच किलोपर्यंत चालते. जास्त झाल्यास हगवण लागून जागा ओली होते. मळी ही ताकद देते, प्रथिने देत नाही.

उन्हाळ्यात कोंबडी कमी खाते आणि धापा टाकल्याने कवच पातळ पडते. खुराक सकाळी लवकर व संध्याकाळी द्यावा. पाणी सावलीत, गार आणि दिवसभर हवे. खाण्याच्या दुप्पट पाणी तिला एरवीही लागते, उन्हात त्याहून जास्त. एक दिवस भांडे कोरडे राहिले तरी पुढे काही दिवस अंडी तुटतात.

बलकाचा पिवळेपणा लसूणघास, शेवग्याचा पाला, पिवळा मका यांतून येतो. कवचाचा तांबडा-पांढरा रंग मात्र जातीचा असतो, खाण्याचा नव्हे.

खुराक पुरा असूनही अंडी नसतील तर वय, खुडूक बसणे, पिसे झडणे, जंत आणि थंडीतला लहान दिवस ही कारणे तपासावीत.

त्या वस्तीवर उरलेल्या अकरा कोंबड्यांना आम्ही वरील खुराक सुरू करायला सांगितला. चौथ्या आठवड्यात सात कोंबड्या नीट अंड्यावर आल्या, कवचेही टणक झाली. दोन खुडूक होत्या, दोन वयाने उतरलेल्या. वहिनी हसून म्हणाल्या, "साहेब, त्या चारबी ठेवायला हव्या हुत्या." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून विनंती एवढीच, की कोंबडी बाजारात काढण्याआधी तिला चार आठवडे पुरा खुराक द्या, मग निर्णय घ्या. खनिज मिश्रणाविषयी व जंतांच्या औषधाविषयी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. काही अडचण असल्यास आपल्या गटाच्या चिटबॉयकडे निरोप ठेवावा. आम्ही येऊ, आणि या वेळी आधी खुराकाचे भांडे पाहू.

– ऊस विकास अधिकारी