शेजाऱ्याच्या छपरावर आलेली फांदी : खर्च कोणाचा?

पावसाळा तोंडावर आला असताना आटगाव परिसरातील एका बांधवाने मला एक प्रश्न विचारला. शेजाऱ्याच्या आंब्याच्या फांद्या त्याच्या छपरावर आल्या होत्या. पाल्याने पन्हळ तुंबत होती, वाऱ्याने कौले सरकत होती. छाटणीचा विषय काढताच शेजारी म्हणाला, "त्रास तुम्हाला होतो, मजुरी तुम्हीच द्या." तेव्हापासून दोन्ही घरांतील सलामही थांबला होता. आपल्या गावांत आणि गृहसंकुलांत हा प्रसंग नित्याचा आहे. म्हणून शरीअत याविषयी काय सांगते, ते पाहू.

पवित्र कुरआनात सूरह अन-निसाच्या 36व्या आयतीत अल्लाहची उपासना आणि आई-वडिलांशी सद्वर्तन यांच्या आदेशासोबतच नातलग शेजारी व परका शेजारी या दोघांशीही भलाईने वागण्याचा आदेश आहे. शेजाऱ्याचा हक्क त्याच्या धर्मावर अवलंबून नाही. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पोहोचला का, याची त्यांनी प्रथम चौकशी केली.

या प्रश्नाचा पाया एका हदीसमध्ये आहे. कोणी कोणाला नुकसान पोहोचवू नये आणि नुकसानीच्या बदल्यात नुकसानही करू नये, असे प्रेषितांनी (स.) शिकविले. सुनन अबू दाऊदमध्ये एक प्रसंग येतो. हजरत समुरा (रजि.) यांची खजुराची झाडे एका अन्सारी सहाबींच्या बागेत होती व त्यांच्या येण्याजाण्याने त्या कुटुंबाला त्रास होई. प्रेषितांनी (स.) प्रथम झाडे विकण्यास, मग बदलून घेण्यास, मग पुण्याच्या आशेने दान करण्यास सुचविले. तिन्ही वेळा नकार आल्यावरच झाडे काढण्याची परवानगी दिली. या कथनाच्या सनदेविषयी हदीसतज्ज्ञांनी चर्चा केली आहे. तथापि आधी समजूत, मग अधिकार हा क्रम त्यातून स्पष्ट होतो.

फुकहांनी फांद्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळला आहे. उस्मानी काळात 1869 ते 1876 या वर्षांत हनफी फिकहच्या आधारे तयार झालेल्या 'मजल्ला' या संहितेच्या 1196व्या कलमानुसार, शेजाऱ्याच्या हद्दीत आलेल्या फांद्या बांधून मागे घ्याव्यात किंवा छाटाव्यात, अशी मागणी करण्याचा त्याला हक्क आहे. मात्र केवळ सावलीने पिकाचे नुकसान होते, एवढ्या कारणावरून झाड तोडता येत नाही.

आता खर्चाकडे वळू. ज्याला लाभ, त्याच्यावरच भार, हा फिकहचा प्रसिद्ध नियम आहे. आंबे ज्याच्या घरी जातात, कोयत्याची मजुरीही त्यानेच द्यावी. त्रास दूर करण्याची जबाबदारी मालकाची असल्याने तिचा खर्चही त्याचाच. परंतु शेजाऱ्याने न विचारता, परस्पर फांद्या छाटल्या, तर हनफी फुकहांच्या मते ती मजुरी त्याला मालकाकडून वसूल करता येत नाही. बांधून काम भागत असताना फांदी तोडली, तर भरपाईही त्यालाच द्यावी लागते. कोकणातील अनेक कुटुंबे शाफई मस्लकची आहेत. त्या मतानुसार मालकाने नकार दिला आणि फांदी वळविणे शक्य नसेल, तर काजीच्या परवानगीविनाही ती तोडता येते. फांदी आपल्या अंगणावर असली तरी तिची फळे मालकाचीच राहतात, हेही ध्यानात ठेवावे.

गृहसंकुलाच्या सामाईक जागेतील झाड सर्वांचे असते. त्याची छाटणी सामाईक निधीतून व्हावी. ज्याच्या खिडकीवर फांदी आली, त्या एकट्यावर भार टाकणे न्याय्य नाही.

देशाचा कायदाही पाळावा. महाराष्ट्रात ग्रामीण भागासाठी 1964चा आणि शहरी भागासाठी 1975चा वृक्षविषयक कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडे 1964च्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. म्हणून कुऱ्हाड उचलण्यापूर्वी संबंधित कार्यालयात चौकशी करावी.

त्या बांधवाला मी एवढेच सांगितले : हक्क तुमचा आहे, परंतु आज संध्याकाळी प्रथम सलाम घेऊन जा. मुसलमानाने आपल्या भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरू नये, ही प्रेषितांची (स.) ताकीद आहे. शेजारी गरीब असेल, तर मजुरीचा अर्धा भार स्वखुशीने उचला. तो एहसान ठरेल. आणि झाडाच्या मालकांनी तर मागणी येण्याची वाटच पाहू नये. लोकांना त्रास देणारी वाटेवरील एक फांदी दूर केली, म्हणून एका माणसाला जन्नत मिळाल्याचे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. मग आपल्याच झाडाची, शेजाऱ्याच्या छपरावरची फांदी काढण्यास आपण का कचरावे?

अल्लाह आपणा सर्वांना शेजाऱ्यांचे हक्क ओळखण्याची आणि ते अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.