आगगाडीच्या प्रतिकृतीसाठी घरगुती अंकीय नियंत्रक

पुणे-सातारा रस्त्यावरील कामथडीत रेल्वे नाही. तेथील मुलांना छोट्या आगगाड्यांचा पसारा पाहण्यास पुण्यातील कोथरूडला, भाऊसाहेब जोशी यांच्या १९९८ साली सुरू झालेल्या संग्रहालयात जावे लागते. मात्र अशा गाडीचा नियंत्रक शाळेतही तयार करता येतो.

जुन्या पद्धतीत रुळांतील विद्युतदाब बदलला की त्यांवरील सर्वच इंजिनांचा वेग बदलतो. अंकीय पद्धतीत दाब कायम राहतो, केवळ त्याची दिशा पालटते : ५८ मायक्रोसेकंदांनी पालटल्यास १, सुमारे १०० नी पालटल्यास ०. तिसऱ्या इंजिनासाठी प्रथम ००००००११ हा क्रमांक, मग ०११०१००० ही वेगाची आज्ञा, शेवटी ०११०१०११ हा पडताळा. वरखालचे अंक समान तेथे ०, भिन्न तेथे १, ही त्याची रीत फळ्यावर सहज शिकविता येते. पडताळा न जुळल्यास इंजिनातील डिकोडर आज्ञा मानीत नाही.

आर्डुइनो व मोटर चालविणारे मंडल यांवर नियंत्रकाचे काम भागते. परंतु डबा घसरून दोन्ही रूळ जोडले गेले तर तारा तापतात. म्हणून पुरवठा तत्काळ तोडणारी व्यवस्था प्रथम करावी, वेगाची कळ मागाहून. पुरवठा तयार १२ ते १५ व्होल्टच्या संचातूनच घ्यावा. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह रुळांकडे कदापि नेऊ नये.