खंडोबाच्या किड्याच्या अंडपेट्या : ओळख, जतन व पिल्लांची सोडणी

पुणे जिल्ह्यात पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात शेती व कारखाने शेजारी-शेजारी आहेत. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढे महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गावांच्या शिवारांतही कारखाने उभे राहिले. कारखान्यांसाठी जमीन सपाट करताना काय, किंवा शेतकऱ्याने बांध साफ करताना काय, झुडपे तोडून पेटविली जातात. त्या झुडपांबरोबर शेतकऱ्याचा एक मित्र अंड्यातच जळून जातो. तो मित्र म्हणजे खंडोबाचा किडा होय.

खेड तालुक्यातील निमगावचा खंडोबा आणि आकुर्डीचा खंडोबाचा माळ यांमुळे हे नाव या भागात परके नाही. पुढचे दोन पाय जोडून बसण्याच्या सवयीमुळे या किड्यास प्रार्थना कीटक असेही म्हणतात. ही बैठक भक्तीची नसून शिकारीची आहे. जवळून जाणारा कीटक तो काटेरी पायांच्या चिमट्यात क्षणार्धात पकडतो व जिवंतच खातो. त्यास विष नाही. माणसास अगर जनावरास त्याच्यापासून अपाय होत नाही.

अंडपेटी कशी ओळखावी?

मादी अंडी घालताना शरीरातून फेस सोडते. फेस वाळला की त्याचे टणक पण हलके कवच बनते व अंडी आत रांगांनी सुरक्षित राहतात. यासच येथे अंडपेटी म्हटले आहे. तिचा रंग वाळक्या गवतासारखा किंवा तपकिरी असून आकार जातीप्रमाणे बदलतो. एका पेटीत काही डझनांपासून दोनशेंहूनही अधिक अंडी असू शकतात. पावसाळा सरता सरता पूर्ण वाढलेले किडे दिसू लागतात. त्यानंतर बाभूळ, घाणेरी, मेंदीचे कुंपण, तुरीची खोडे, दगडी ताल व भिंती यांवर अंडपेट्या शोधाव्यात.

पेटी जतन करण्यापूर्वी ती नीट पाहावी. वरच्या मध्यरेषेवर पांढुरक्या कातींचा झुबका लोंबत असल्यास पिल्ले आधीच बाहेर पडली आहेत असे समजावे. बाजूंवर टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे असल्यास परोपजीवी गांधीलमाशीच्या जातीतील सूक्ष्म कीटकांनी आतील अंडी खाल्लेली असतात. मात्र अशा पेटीतील सर्वच अंडी नष्ट होतात असे नाही; म्हणून ती जाळू नये.

पेटी हलविण्याची रीत

पेटी जेथे आहे तेथेच राहू देणे सर्वांत उत्तम. बांधाची तोडणी किंवा जमिनीचे सपाटीकरण अटळ असेल तरच ती हलवावी. त्या वेळी पुढील काळजी घ्यावी.

१. पेटी खरवडून काढू नये. ती ज्या काडीवर आहे ती काडी सुमारे वीतभर लांब कापून घ्यावी.

२. काडी दुसऱ्या झुडपावर कमरेएवढ्या उंचीवर, दुपारच्या उन्हापासून आडोसा मिळेल अशी सुतळीने बांधावी. पेटीची दिशा मूळची होती तशीच ठेवावी. सुतळी पेटीवरून जाऊ देऊ नये; पिल्ले मध्यरेषेतून बाहेर पडतात व ती वाट बंद होते.

३. मुंग्यांचे वारूळ असलेल्या जागेजवळ काडी बांधू नये. नुकत्याच उबलेल्या मऊ पिल्लांना मुंग्या उचलून नेतात.

४. त्या झुडपावर कीटकनाशक फवारू नये.

शाळेत किंवा प्रात्यक्षिकासाठी पिल्ले उबविणे

मलमलीच्या कापडाने तोंड बांधलेली रुंद बरणी यासाठी पुरते. काडी आत अशी टांगावी की पेटीखाली किमान चार बोटे मोकळी जागा राहील. कारण पिल्ले बाहेर येताना बारीक धाग्यांना लोंबकळतात व तेथेच पहिली कात टाकतात. जागा न मिळाल्यास ती वाकडी होऊन मरतात. बरणी सावलीत ठेवावी. दोन-तीन दिवसांआड बरणीच्या कडेवर पाण्याचे तुषार उडवावेत, परंतु पेटी भिजवू नये. ओल साचल्यास बुरशी येते.

परदेशी पुस्तकांत पेटी काही आठवडे थंडीत ठेवण्यास सांगितलेले आढळते. तो नियम बर्फाळ हिवाळ्याच्या प्रदेशातील जातींसाठी आहे. आपल्याकडील उष्ण प्रदेशातील जातींना त्याची गरज नाही. उबदार हवेत पुष्कळ जातींची पिल्ले तीन ते सहा आठवड्यांत बाहेर पडतात. थंडीत अधिक काळ लागतो. म्हणून पेटी मेली असे समजून ती घाईने टाकून देऊ नये.

पिल्ले बहुधा एकाच वेळी मोठ्या संख्येने बाहेर पडतात. ती भुकेली असतात व खाद्य न मिळाल्यास एकमेकांस खातात. म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सोडावे. सर्व पिल्ले एका झाडावर न सोडता एकेका झुडपावर एक-दोनच सोडावीत. कोथिंबीर, मोहरी, बडीशेप यांच्या फुलांवर व मावा असलेल्या झाडांवर त्यांना योग्य खाद्य मिळते.

अपेक्षा किती ठेवावी?

या प्रश्नाचे उत्तर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस स्पष्टपणे द्यावे. खंडोबाचा किडा निवडून शिकार करीत नाही. तो मावा, तुडतुडे, माश्या, पतंग व नाकतोडे खातो; तसेच मधमाशी, ढालकिडा व आपल्याच जातीचे किडेही खातो. उसावरील खोडकिड्याची अंडी शोधणारा ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक ठराविक कामाचा असतो व म्हणून त्याची कार्डे शेतात लावणे उपयुक्त ठरते. खंडोबाच्या किड्याचे तसे नाही. कांद्याच्या पातीच्या बेचक्यात दडलेले फुलकिडे किंवा बटाट्याच्या बुडाशी मातीत राहणारी कुरतडणारी अळी यांचा तो बंदोबस्त करू शकत नाही.

अमेरिकेत १८९६ साली फिलाडेल्फियाजवळ चिनी जातीचा खंडोबाचा किडा आढळला व पुढे त्याच्या अंडपेट्या बागांसाठी विकल्या जाऊ लागल्या. तेथेही पेटी टांगली म्हणजे कीड गेली असा अनुभव येत नाही. बरीच पिल्ले लहानपणीच नष्ट होतात. यास्तव अंडपेट्या विकत घेण्यावर खर्च करू नये, तसेच परदेशी जातीच्या पेट्या मागवू नयेत. शेतात ज्या आहेत त्या राखणे बिनखर्चाचे व हिताचे आहे.

बांधावर कोळी, ढालकिडा, खंडोबाचा किडा असे अनेक शिकारी एकत्र नांदतात व त्यांच्या एकत्रित कामामुळे किडींची वाढ आटोक्यात राहण्यास मदत होते. अंडपेटी शिल्लक असलेला बांध हा अशा जिवंत बांधाची खूण मानावी.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

बांध व कुंपण पेटवू नये. साफसफाई करावयाची असल्यास एका वेळी एकच बाजू तोडावी. तोडण्यापूर्वी काड्या पाहून अंडपेट्या असलेल्या काड्या बाजूस काढाव्यात. किडीचे प्रमाण पाहूनच फवारणी करावी व फवारा बांधावरील झुडपांवर जाऊ देऊ नये. गावातील शाळेच्या मुलांस अंडपेटी दाखवून ती ओळखण्यास शिकवावे. एकदा ओळख पटली की मुले स्वतःच तिचे राखण करतात.