टूलकिटची निवड

पदवीच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थी ग्रंथालयाची देवघेव नोंदवणारा एखादा प्रोग्राम लिहितात. गुण मिळतात, विद्यार्थी बाहेर पडतात. प्रोग्राम मात्र ग्रंथपालांच्या टेबलावर राहतो. काही वर्षांनी संगणक बदलतो आणि तो उघडेनासा होतो. अशा वेळी दोष पुष्कळदा विद्यार्थ्याच्या तर्कात नसून त्याने निवडलेल्या टूलकिटमध्ये असतो.

पडद्यावरील खिडकी, बटण, यादी प्रत्येकाने मुळापासून लिहू नये म्हणून केलेला तयार संच म्हणजे टूलकिट. सुताराने बसवलेली चौकट वर्षानुवर्षे टिकते; पण संगणकाची कार्यप्रणाली सतत बदलत असल्याने टूलकिटची दुरुस्ती कधीच संपत नाही. म्हणून रूपापेक्षा देखभाल आधी पाहावी.

याची उदाहरणे बोधप्रद आहेत. 'जीटीके' हा संच मुळात 'गिम्प' या चित्रसंपादन प्रोग्रामसाठी जन्मला. त्याची दुसरी आवृत्ती २००२ साली आली आणि डिसेंबर २०२० मध्ये चौथी येताच तिची देखभाल थांबली. खुद्द गिम्प मात्र तिसऱ्या आवृत्तीवर पोचला तो मार्च २०२५ मध्ये! संच जिवंत असला तरी त्याच्याबरोबर चालण्याचे श्रम आपल्यालाच करावे लागतात.

'क्यूटी'ची कथा निराळी. नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीचा हा संच २००८ मध्ये नोकियाकडे गेला, पुढे पुन्हा मालक बदलले. तरी संच टिकला. त्याच्या मुक्त आवृत्तीला १९९८ पासून एका कराराचे संरक्षण आहे. कंपनीने ती आवृत्ती काढणे थांबवल्यास केडीई प्रकल्पाशी संबंधित प्रतिष्ठानाला ती अधिक मोकळ्या परवान्याखाली प्रसिद्ध करता येते. उलट 'टीके' १९९० च्या दशकारंभीचा, दिसायला साधा. पण तो पायथॉनसोबत मिळतो आणि त्याची नववी आवृत्ती २०२४ मध्ये निघाली. जुने म्हणजे मृत नव्हे.

तेव्हा निवडीपूर्वी पाच प्रश्न विचारावेत. शेवटची आवृत्ती केव्हा निघाली? कळवलेल्या चुका दुरुस्त होतात का? काम एकाच माणसावर तर अवलंबून नाही ना? परवान्याच्या अटी आपल्याला मानवतात का? आणि आपल्यासारख्या द्विभाषिक महाविद्यालयात महत्त्वाचा प्रश्न : मराठी जोडाक्षरे व कन्नडमधील अक्षराखाली लागणारी ओत्तक्षरे नीट उमटतात का? जीटीके व क्यूटी या कामासाठी 'हार्फबझ' ही अक्षरजुळणीची व्यवस्था वापरतात. तरीही दोन्ही लिपींतील नावे स्वतः टाइप करून पाहावीत.

शेवटी एक पथ्य. नोंदी व हिशेबाचा भाग खिडक्यांच्या भागापासून वेगळा लिहावा. उद्या टूलकिट बदलावे लागले तरी निम्मे काम वाचेल, आणि आपल्यामागून येणारा विद्यार्थी आपल्याला दुवा देईल.