लोकरीची बेगमी

अगं, तू दोनच गोष्टी विचारल्यास. लोकर कुठून घेऊ, आणि किती घेऊन ठेवू? पहिलीचं उत्तर एका शब्दात देता येईल, तुळशीबाग. दुसरीचं तसं नाही, म्हणून हे लांबण लावतेय. दुपारची भांडी झाली की निवांत वाच, आणि सासूबाईंनाही वाचून दाखव.

पुण्यातल्या बाईला एक गोळा कमी पडला तर ती भाजीला जाता जाता घेऊन येते. तुझं तसं नाही. लोहगडवाडीहून गायमुख खिंड उतरायची, भाजे गाठायचं, मळवलीला लोकल पकडायची आणि पुन्हा तेवढंच उलट. एका गोळ्यापायी उभा दिवस मोडतो. पावसाळ्यात तर विचारूच नकोस, शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांतून वाट काढायची म्हणजे दिव्यच. जुलै 2025 मध्ये लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता गर्दी वाढेल, कमी होणार नाही. ती गर्दी तुझी गिऱ्हाईकंही आहेत हे वेगळं. तेव्हा शहरातल्या बायकांचे सल्ले सरसकट ऐकू नकोस. 'लागेल तसं आण' हे त्यांना परवडतं. तुला पावसाळ्याआधी सरपण आणि डाळी भरतेस तशीच लोकरही भरावी लागणार.

पण भरायची म्हणजे दिसेल ती नाही. लेबलवर शेड नंबर असतो आणि त्याच्या आसपास कुठेतरी बारीक अक्षरात लॉट नंबर असतो. शेड म्हणजे रंग, लॉट म्हणजे तो रंग चढवलेली एक खेप. दोन खेपांमधला फरक दुकानाच्या ट्यूबलाइटखाली अजिबात कळत नाही. स्वेटर विणून झाला, घालून कुणी अंगणात उभं राहिलं, की छातीवर आडवी रेघ दिसते. वरचं अंग वेगळं, खालचं वेगळं. म्हणून एका कपड्याची सगळी लोकर एकाच दिवशी, एकाच लॉटची घ्यायची, वर एक गोळा जादा. पैसे देण्याआधीच विचारून टाकायचं, 'न उघडलेला गोळा परत घ्याल ना?' जुने दुकानदार सहसा बदलून देतात. लेबल फाडू नकोस आणि बिल हरवू नकोस, एवढंच. आणि वेळ आलीच दोन लॉट एकत्र करायची, तर दोन ओळी या गोळ्याच्या, दोन त्या गोळ्याच्या असं विणत जा, फरक विरघळून जातो. नाहीतर वेगळा लॉट सरळ गळ्याला आणि बाह्यांच्या बॉर्डरला वापर, मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

आता जायचं कसं. पुणे स्टेशनपर्यंत जाऊ नकोस, शिवाजीनगरला उतर. तिथून मेट्रो धर आणि मंडईला बाहेर पड. सप्टेंबर 2024 पासून हा भुयारी टप्पा सुरू झालाय. आधी रिक्षावाल्याशी हुज्जत घालण्यात जो जीव जायचा तो वाचला. मंडईतून तुळशीबाग पायी, आणि तिथून लक्ष्मी रस्ता ओलांडला की रविवार पेठ. सुटी लोकर आणि सुया तुळशीबागेत नि लक्ष्मी रस्त्याच्या आसपास घे. बटणं, लेस, मणी, चेन असलं सामान रविवार पेठेत ठोक भावात मिळतं, पण तिथे डझनाच्या खाली बोलत नाहीत. परतीच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेव. दुपारी लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मोठी फट असते, आणि नेमकी तीच वेळ काही दुकानांच्या वामकुक्षीची. लोणावळ्याच्या बाजारातही शिवणाच्या सामानाच्या दुकानात थोडीफार लोकर मिळेल. अडीनडीला ठीक, त्यावर धंदा उभा करू नकोस.

दुकान चांगलं की वाईट हे पाटीवरून ओळखू नकोस. बाहेर लटकवलेले रंगीत गोळे बघून तर मुळीच भुलू नकोस, उन्हात राहून ते एका अंगाने उडालेले असतात. गल्ल्यावरचा माणूस 'कितीचं हवंय' असं विचारतो की 'काय विणताय' असं, यावर माझं मत ठरतं. 'काय विणताय' असं विचारणाऱ्याला लोकर कळते. बाळाचं आहे म्हटलं की तो आपणहून मऊ गोळे पुढे करेल. एक गोळा विकायला कुरकुर करणारा, किंवा गोळा उजेडात न्यायला आडकाठी करणारा असेल, तर हसून बाहेर पड. आणि एकदा बरं दुकान सापडलं की ते सोडू नकोस. दोन रुपये इकडेतिकडे झाले तरी चालतील. कारण पुढच्या वेळी तुला फोनवर 'परवाचा तो पिस्ता रंग, अमुक लॉट, आहे का शिल्लक?' असं विचारता आलं पाहिजे. वाडीत राहणाऱ्या बाईला तो फोन नंबर म्हणजे अर्धं दुकानच. ऑनलाइन मागवायलाही हरकत नाही, पण ओळखीची लोकर असेल तरच. मोबाइलवरचा मोरपंखी घरी येईपर्यंत नुसता हिरवा होतो.

गोळा हातात आला की घाई करायची नाही. हातभर धागा ओढून काढ. उलटा पीळ देऊन टोक उकल आणि पदर मोज. तीन पदर म्हणजे तीन प्लाय, चार म्हणजे चार. मग तो धागा हनुवटीखाली, गळ्याला घास. तळहाताची कातडी काम करून राठ झालेली असते, तिला काही कळत नाही. गळ्याला टोचलं तर ते बाळाला टोचणारच. गडद लाल किंवा निळा घेत असशील तर ओल्या रुमालाने चोळून बघ, रंग सुटतो की नाही ते तिथेच समजेल. आणि 'शुद्ध लोकर' म्हणून कुणी जास्त भाव सांगितला तर घरी आल्यावर वीतभर धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं, त्याचा टणक मणी होतो. सुताला कागद जळल्याचा वास.

बाजारातली बहुतेक 'लोकर' ॲक्रिलिकच असते, लुधियानाच्या गिरण्यांची. वर्धमान, ओसवाल, गंगा ही नावं तुला सगळीकडे दिसतील. त्यात कमीपणा काही नाही. स्वस्त, धुवायला सोपी, रंग टिकतो, कसर लागत नाही. तुझ्याकडच्या दमट हवेत तर तीच बरी. फक्त एक गोष्ट मनात पक्की धर. ॲक्रिलिक पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. बाळंतविड्यातलं टोपडं, मोजे यांची ऑर्डर घेशील तेव्हा त्या आईला स्पष्ट सांग की शेक-शेगडी करताना हे काढून ठेवा. चुलीवरची भांडी धरायची फडकी विणणार असशील तर ती सुताचीच विण. सूत वजनाला जड असतं, म्हणून लोकरीच्या हिशेबाने ग्रॅम मोजून सूत घेतलंस तर कमी पडेल. लेबलवर मीटर दिलेले असतात, ते बघ. ग्रॅमपेक्षा मीटर खरे.

धनगरांकडची लोकर घ्यावी का, असं तू मागे म्हणाली होतीस. घोंगडीला ती सोनं आहे. दख्खनी मेंढीची ती लोकर भरड, राकट, घोंगडी विणताना तिला चिंचोक्याची खळ देतात म्हणून पाऊसवाऱ्याला दाद देत नाही. पण टोपी-मफलरला ती टोचते. जाड सूत मिळालं तर पिशव्या, आसनं, बसकर करून बघ. गडावर येणाऱ्या लोकांना असलं काही आवडतं, आणि इथल्या मेंढीचं आहे हे तुला खरं सांगता येतं. बाळाच्या अंगाला मात्र लावू नकोस.

सुयांचं नीट समजून घे, कारण इथे भले भले गोंधळतात. आपल्या दुकानांत जुने इंग्रजी नंबर चालतात. नंबर मोठा तशी सुई बारीक. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, नऊ म्हणजे पावणेचार, आठ म्हणजे चार, सात म्हणजे साडेचार. मोबाइलवरच्या व्हिडिओतली अमेरिकन बाई 'सहा नंबर' म्हणते तेव्हा ती चार मिलिमीटरची सुई असते, म्हणजे आपली आठ. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते. म्हणून दुकानात नंबर न सांगता मिलिमीटर सांग. चार प्लायला दहा नंबर, थोडी जाड डबल निटिंग असेल तर आठ किंवा नऊ, एवढं धरून चाल. पोनीच्या साध्या ॲल्युमिनियमच्या सुया आयुष्यभर पुरतात. एक गोल सुई जरूर घे, वायर असलेली. टोपी बिनशिवणीची होते, आणि लोकलमध्ये विणताना शेजारणीच्या बरगडीत सुई जात नाही. सुया घेतल्या की आधी हातभर मोठा घाट घालू नकोस. वीसेक टाक्यांचा चौकोन विण, धू, वाळव, मग पट्टीने मोज. सगळ्यांचा हात सारखा नसतो. आपल्या आईचा हात इतका घट्ट की तिचं आठ नंबरचं विणकाम दहाचं वाटायचं.

किती घ्यायची, ते आता सांगते. मोठ्या माणसाची कानटोपी, डबल निटिंगमध्ये, शंभर ग्रॅममध्ये होते आणि थोडी उरते. बाळाच्या टोपड्याला पन्नास ग्रॅम पुष्कळ, मोज्यांना त्याच्या निम्मी. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाचा स्वेटर दीडशे ग्रॅमच्या आसपास. मफलरला दोनशे धर. बाईमाणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर साडेचारशे-पाचशे खातो, आणि जाळीपेक्षा वेणीचा नमुना जास्त खातो हे ध्यानात ठेव. हे सगळं अंदाजाने बरं का, तुझा हात सैल असेल तर वाढेल.

विकायचा विचार असेल तर पहिल्या वर्षी टोप्याच कर. टोपीला लोकर थोडी लागते, मापाची कटकट नाही, आणि गडावर वारा सुटला की माणूस घासाघीस न करता घेतो. रंग चारच ठेव. राखाडी, गडद निळा, मरून आणि एखादा झगझगीत पिवळा, मुलांसाठी. चाळीस रंगांचा एकेक गोळा आणशील तर कपाट सुंदर दिसेल आणि टोपी एकही पुरी होणार नाही. बाळंतविड्याची लोकर आधीपासून भरून ठेवू नकोस. ज्याची त्याची रंगाची हौस वेगळी असते, ऑर्डर आणि आगाऊ पैसे हातात पडल्यावर आण.

खरेदीला दोन वेळा चांगल्या. संक्रांत उलटली की थंडीचा माल दुकानदाराला काढायचा असतो, तेव्हा उरलेले लॉट भाव करून मिळतात. टोप्यांना ते चालतात, कारण एका टोपीला एकच लॉट पुरतो. दुसरी वेळ मे अखेर, पाऊस लागण्याआधी. जून ते सप्टेंबर मधल्या वारी तुझ्याकडे पर्यटक फारसे नसतात, बाहेर पाऊस कोसळत असतो, तेव्हा विण. दिवाळीपर्यंत माल तयार. दिवाळीच्या तोंडावर लोकर घ्यायला मात्र जाऊ नकोस, लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानदाराला बोलायला फुरसत नसते.

साठवण मात्र तुझ्याकडे खरी परीक्षा आहे. तिकडच्या पावसात पापड मऊ पडतात तिथे सुताची काय कथा. पुठ्ठ्याचं खोकं वापरू नकोस, ते ओल धरतं. पत्र्याची ट्रंक घे, जमिनीपासून वर, पाटावर ठेव. उन्हात तापवलेली लोकर पूर्ण गार झाल्यावरच आत घाल, नाहीतर आतल्या आत वाफ धरते. खरी लोकर असेल तिच्यात लवंगा आणि वाळलेला कडुनिंब टाक, आणि प्रत्येक लॉटच्या गोळ्यांची वेगळी पिशवी, आत लेबल. उघडीप मिळाली की ट्रंक उघडून हात फिरवायचा. चुलीच्या खोलीत अजिबात नको, धुराचा वास लोकर सोडत नाही आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा नाकाला लावूनच बघतं.

घरातले जुने हाताने विणलेले स्वेटर टाकू नकोस. उसव. शिवण आधी सोडव, शेवटच्या टोकापासून ओढ, खुर्चीच्या पाठीला लडी गुंडाळ, चार ठिकाणी सैल बांध आणि कोमट पाण्यात भिजवून टांगून ठेव. धाग्यातल्या लाटा निघून जातात. फुकटातली लोकर, आणि नमुने शिकायला याहून चांगलं काही नाही. बाजारच्या यंत्रावरच्या स्वेटरच्या नादी लागू नकोस. बहुतेक कापून शिवलेले असतात, ओळीओळीला धागा तुटतो.

पहिल्या खेपेला मी येईन तुझ्याबरोबर. घरातल्यांच्या डोक्यांचा घेर मोजून मला व्हॉट्सॲपवर पाठव, त्यावरून लोकरीचा हिशेब करून ठेवते. आईच्या सुयांचा डबा काढलाय, तो तूच ने. त्यातली दहा नंबरची जोडी मी ठेवून घेतलीय, ती मागू नकोस.